द्राक्षखोऱ्यातील गिरिमाथे : नाशिक परिसरातील डोंगरभ्रमंतीचा भौगोलिक व सांस्कृतिक अन्वयार्थ

सारांश

महाराष्ट्रातील द्राक्ष आणि वाइन उत्पादनाचे प्रमुख क्षेत्र म्हणून गोदावरी व कादवा या नद्यांचे नाशिक जिल्ह्यातील खोरे ओळखले जाते. या खोऱ्याच्या कडेने उभ्या असलेल्या त्रिरश्मी, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी इत्यादी डोंगरांच्या माथ्यांवर जाणाऱ्यांची संख्या अलीकडच्या काळात वाढली आहे. प्रस्तुत लेखात या भ्रमंतीकडे केवळ करमणूक म्हणून न पाहता, माथ्यावरून दिसणारे दृश्य कसे वाचावे, डोंगर आणि खालची बाग यांचा परस्परसंबंध कोणता, आणि हा संबंध आज कोणत्या कारणांनी धोक्यात आला आहे, याचे विवेचन केले आहे. लेखाच्या उत्तरार्धात कुर्डुवाडी परिसरातील महाविद्यालयांना या विषयाचा अध्यापनात कसा उपयोग करता येईल, याचाही विचार केला आहे.

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष अपरिचित नाही. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ या दोन्ही वाणांची निवड याच जिल्ह्यातील नान्नज येथे झाली. परंतु माढा तालुक्याच्या सपाट माळावर द्राक्षबाग पाहणाऱ्यास ती नेहमी बांधावरूनच दिसते. ती कोणत्या मातीत उभी आहे, तिला पाणी कोठून येते, तिच्या वरच्या अंगाला काय आहे, हे एका दृष्टिक्षेपात दिसण्यासाठी उंची लागते. नाशिकच्या खोऱ्यात ही उंची सहज उपलब्ध आहे. एक-दोन तासांच्या चढणीनंतर खोऱ्याचा बराच मोठा भाग नकाशासारखा समोर पसरतो. म्हणूनच या माथ्यांचा विचार भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र अशा अनेक विषयांच्या अध्यापकांना उपयुक्त ठरावा.

खोऱ्याची रचना

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत नाशिक शहरातून निफाड तालुक्यात शिरते. उत्तरेकडील दिंडोरी तालुक्यातून येणारी कादवा तिला नांदूरमध्यमेश्वर येथे मिळते. या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेल्या बंधाऱ्याच्या जलाशयास 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. खोऱ्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, तर उत्तरेस सातमाळा रांग आहे. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, तर ब्रह्मगिरी आणि अंजनेरी यांचे माथे 1,200 मीटरहून अधिक उंचीवर आहेत.

पावसाचे वितरण हे या खोऱ्याचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. त्र्यंबक व इगतपुरीच्या बाजूस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरापर्यंत येता येता तो सातशेच्या आसपास उतरतो आणि निफाडकडे आणखी कमी होतो. म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरच्या अंतरात भाताचा मुलूख संपून पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. द्राक्षाला फळ पक्व होण्याच्या काळात कोरडी हवा लागते आणि मुळाशी मात्र पाणी लागते. पश्चिमेचे पाणी आणि पूर्वेची कोरडी हवा यांचा मेळ जेथे बसला, तेथे बागा उभ्या राहिल्या. थंडीच्या दिवसांत निफाडचे किमान तापमान राज्यातील नीचांकी तापमानांत गणले जाते. रात्रीची ही थंडी व दिवसाचे ऊन यांतील तफावत वाइनच्या द्राक्षांतील साखर आणि आम्लता यांचा समतोल राखण्यास उपकारक ठरते.

खाण्याच्या द्राक्षांची परंपरा येथे जुनी आहे. वाइनचा विस्तार मात्र अलीकडचा. 1990 च्या दशकाच्या अखेरीस गंगापूर धरणाच्या परिसरात ‘सुला’ या वाइनरीचा प्रारंभ झाला. राज्य शासनाने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासंबंधीचे धोरण जाहीर केले आणि विंचूर येथे औद्योगिक विकास महामंडळामार्फत वाइन पार्क उभारण्यात आले. पुढे ‘नाशिक द्राक्षे’ आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ या दोहोंना भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले.

युरोपातील खोरी आणि नाशिक : एक मूलभूत फरक

वाइनच्या नदीखोऱ्यातून पायी भटकण्याची परंपरा युरोपात चांगली रुजलेली आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या उजव्या तीरावरून बॉन ते वीसबाडेन असा सुमारे 320 किलोमीटरचा ‘ऱ्हाईनस्टाइग’ हा पायी मार्ग 2005 मध्ये खुला झाला. त्यानंतर 2014 मध्ये मोझेल नदीच्या काठाने असाच मार्ग आखण्यात आला. ऑस्ट्रियातील वाखाऊ, पोर्तुगालमधील आल्टो डोरो व जर्मनीतील मध्य ऱ्हाईनचा वरचा भाग ही द्राक्षखोरी अनुक्रमे 2000, 2001 आणि 2002 मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली.

या मार्गांची आणि नाशिकच्या वाटांची तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. ऱ्हाईन व मोझेलची खोरी सुमारे 50 अंश उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास आहेत. तेथे सूर्य तिरपा असतो आणि उष्णता दुर्मीळ. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेला तीव्र उतार हीच वेलीची सर्वोत्तम जागा ठरते. उतारावर किरण अधिक सरळ पडतात आणि पाटीच्या दगडाची तापलेली जमीन रात्रीही ऊब देते. परिणामी वेली डोंगरावर चढल्या आणि बागेत कामासाठी पाडलेल्या पायवाटाच पुढे भटक्यांच्या वाटा झाल्या. तेथे माथ्याकडे जाणारा माणूस बागेतूनच जातो.

नाशिक 20 अंश अक्षवृत्तावर आहे. येथे उन्हाची वाण नाही, वाण आहे ती पाण्याची आणि मातीच्या जाडीची. म्हणून वेल उतारावर न चढता खाली, पाटाच्या आणि विहिरीच्या कक्षेत राहिली. डोंगर हा वनखात्याचा, गायरानाचा, देवस्थानाचा आणि गुराख्यांचा राहिला. येथील माथ्यावर जाणारी वाट बागेतून जात नाही. ती बाग मागे टाकून सुरू होते. या फरकामुळे नाशिकच्या माथ्यावरून दिसणाऱ्या दृश्यात दोन वेगळ्या जमिनी स्पष्ट दिसतात : खाली मोजलेली, कुंपण घातलेली, मोलाची जमीन, आणि वर सामायिक, उपेक्षित, परंतु खालच्या जमिनीला जगविणारी जमीन. प्रस्तुत विवेचनाचा गाभा या दोन जमिनींच्या नात्यात आहे.

माथ्याची वाट कशी ठरते

नाशिकचे डोंगर दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे प्रवाह एकावर एक पसरून त्यांचे थर बनले. प्रत्येक प्रवाहाचा घट्ट, अखंड भाग झिजेला दाद देत नाही आणि त्याचा उभा कडा बनतो. सच्छिद्र, पोकळ्यांनी भरलेला भाग लवकर झिजतो आणि त्याचा उतार किंवा पदर तयार होतो. कडा, पदर, पुन्हा कडा आणि शेवटी सपाट माथा अशी पायऱ्यांसारखी रचना त्यामुळे दिसते.

चढणाऱ्याची वाट या रचनेवरूनच ठरते. पदरावरून आडवे जायचे, कड्यातील घळ किंवा नाळ शोधायची आणि जेथे घळ नाही तेथे पूर्वजांनी कोरलेल्या पायऱ्यांनी वर जायचे, असा सर्वसाधारण क्रम असतो. पाणीही याच रचनेमुळे मिळते. सच्छिद्र थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि दोहोंच्या सांध्याशी पाझरते. किल्ल्यांवरील पाण्याची अनेक टाकी आणि डोंगराच्या अंगावरील झरे अशा ठिकाणी आढळतात. हेच पाझर पुढे ओहोळ होऊन खोऱ्यातील विहिरींपर्यंत पोहोचतात. म्हणून टाक्याशी थांबलेल्या विद्यार्थ्यास हा सांधा दाखविला, तर भूजलाचा धडा वेगळा शिकविण्याची गरज राहत नाही.

काही प्रातिनिधिक माथे

त्रिरश्मी (पांडवलेणी) : नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेल्या या डोंगरात 24 लेण्यांचा समूह आहे. चढण पायऱ्यांची व सोपी आहे. येथील प्राकृत शिलालेखांत डोंगराचा उल्लेख ‘तिरण्हु’ असा येतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथे कोरविलेल्या लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे 2,000 आणि 1,000 कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक, तर दुसऱ्या ठेवीवर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते आणि त्यातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रादी गरजा भागवायच्या होत्या. गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखात पूर्वी उषवदाताकडे असलेले 200 निवर्तनांचे शेत भिक्षूंना दिल्याचा उल्लेख आहे. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरच्या वाटेवर, आताच्या वाइनच्या पट्ट्यालगत आहे. म्हणजे डोंगरावरील वस्तीचा निर्वाह खोऱ्यातील शेत आणि कारागिरी यांनी करावा, असा करार सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी येथे दगडावर लिहिला गेला. खोऱ्याने डोंगराचे देणे मान्य केल्याचा हा पुरावा होय.

रामशेज : दिंडोरी तालुक्यातील आशेवाडी गावामागे हा किल्ला उभा आहे. वनवासात रामाची शेज येथे होती, अशी श्रद्धा नावामागे आहे. इतिहासात हा किल्ला छत्रपती संभाजी महाराजांच्या काळातील झुंजीसाठी प्रसिद्ध आहे. 1682 मध्ये मोगल सैन्याने घातलेल्या वेढ्यास येथील मोजक्या शिबंदीने दाद दिली नाही आणि पुढे काही वर्षे किल्ला अजिंक्य राहिला. किल्ला फार उंच नाही, वाटही बिकट नाही. मात्र चहूबाजूंनी तुटलेला कडा आणि माथ्यावरील कोरीव टाकी पाहिली, की हा प्रतिकार कशाच्या बळावर शक्य झाला ते उमगते. द्राक्षखोरे पाहण्यासाठी हा माथा सर्वांत उपयुक्त आहे, कारण दिंडोरीचा बागायती पट्टा अगदी पायथ्यापासून सुरू होतो. जवळच बोरगडचा डोंगर आहे. स्थानिक निसर्गप्रेमी आणि ग्रामस्थ यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर त्या परिसराला 2008 मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तो राज्यातील या प्रकारचा पहिला होता. वृक्षतोड व चराई थांबली तर उजाड डोंगर पुन्हा हिरवा होऊ शकतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

अंजनेरी आणि ब्रह्मगिरी : नाशिक-त्र्यंबक मार्गावरील अंजनेरी हे हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते. पायथ्याच्या गावात प्राचीन मंदिरांचे अवशेष आहेत. माथ्यावरील पठार पावसाळ्याच्या अखेरीस रानफुलांनी भरते. कंदीलपुष्पाच्या कुळातील ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन 2006 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिच्या नावातच या डोंगराचे नाव आले. येथील कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे देशभर गिधाडांची संख्या कमालीची घटली आणि 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्यामुळे शिल्लक घरट्यांचे मोल मोठे आहे. ब्रह्मगिरीवरून पाण्याचे विभाजन समजते. पूर्वेस उतरलेले पाणी गोदावरीतून 1,465 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते, तर याच डोंगररांगेतून निघणारी वैतरणा पश्चिमेकडे अरबी समुद्रास जाते.

माथ्यावरून दिसणारे द्राक्षवर्ष

वरून पाहताना बागांचे प्रकारही ओळखता येतात. खाण्याच्या द्राक्षांच्या बागा बहुधा मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर असतात. त्यांचे छत सलग हिरव्या चादरीसारखे दिसते. वाइनच्या द्राक्षांच्या वेली उभ्या तारांवर चढविलेल्या असल्याने त्यांच्या वेगवेगळ्या ओळी व मधली माती दिसते. शेनिन ब्लां, सोव्हिन्यॉं ब्लां, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉं हे वाण येथे प्रामुख्याने घेतले जातात.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदा छाटली जाते. महाराष्ट्राच्या हवामानात ती कधीच पूर्णपणे झोपत नाही. म्हणून येथे दोन छाटण्यांची पद्धत विकसित झाली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करावयाची आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी करून फळ घ्यावयाचे, असा हा क्रम आहे. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये माथ्यावर गेल्यास डोंगर हिरवा आणि बागा उघड्या दिसतात. जानेवारीत नेमके उलट, डोंगर पिवळा आणि बागा गर्द हिरव्या असतात. जानेवारी ते मार्च हा तोडणीचा काळ होय. याच काळात 2014 सारखी गारपीट झाली, तर वर्षाची मेहनत काही मिनिटांत नष्ट होते. फेब्रुवारी-मार्च 2014 च्या गारपिटीचा आघात नाशिकप्रमाणेच सोलापूर जिल्ह्यानेही सोसला. अलीकडे काही बागांवर दिसणारे पांढरे प्लॅस्टिकचे आच्छादन ही अवकाळी पावसाच्या भीतीची दृश्य खूण आहे, तर जागोजागी चमकणारी चौकोनी शेततळी ही पाण्याच्या अनिश्चिततेची.

पाण्याचा प्रश्न

माथ्यावरून दिसणारी धरणे पाहून पाणी मुबलक आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. वास्तव अधिक गुंतागुंतीचे आहे. गंगापूर धरणावर नाशिक शहराची तहान, उद्योग आणि शेती असे तिहेरी अवलंबित्व आहे. शिवाय गोदावरीच्या खालच्या अंगाला पैठणचे जायकवाडी धरण आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मधील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते आणि त्यावरून नाशिक व मराठवाडा यांच्यात वारंवार संघर्ष होतो.

या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे उदाहरण लक्षणीय आहे. 1990 च्या दशकात ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने त्याच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. पाणी मोजून घेणे, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यास त्याचा वाटा देणे व पाणीपट्टी स्वतः वसूल करणे ही कामे शेतकऱ्यांनी अंगावर घेतली. पाण्याची हमी मिळाल्यावर लाभक्षेत्रात द्राक्षबागा वाढल्या. पाणी खाली कसे वाटावे, याचे उत्तर येथे सापडले. परंतु ते वर कसे टिकवावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच आणि तो पुन्हा डोंगराकडे नेतो.

माथ्यांवरील ताण

या डोंगरांवर तीन प्रकारचे ताण जाणवतात. पहिला, खडी व मुरूम यांसाठी होणारे उत्खनन. वाढत्या शहराची इमारत आणि रस्ता जवळच्या डोंगरातूनच येतो. नाशिकच्या दक्षिणेकडील सारूळ परिसरातील फोडलेले डोंगर दुरूनही दिसतात. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्ध 2021 मध्ये पर्यावरणप्रेमींनी आवाज उठविला. दुसरा, सुलभ पर्यटनाचा आग्रह. अंजनेरीवर मोटाररस्ता नेण्याच्या प्रस्तावास गिधाडे व दुर्मीळ वनस्पतींच्या कारणाने विरोध झाला तो यामुळेच. तिसरा, खुद्द भटक्यांची गर्दी. पावसाळी सुट्टीच्या दिवशी अरुंद वाटांवर होणारी रेटारेटी, प्लॅस्टिकचा कचरा, टाक्यांतील घाण व वणवे यांचा त्यात समावेश होतो.

यांतील पहिला ताण सर्वांत गंभीर आहे, कारण तो परत फिरविता येत नाही. तोडलेले झाड पुन्हा लावता येते, बोरगडने ते दाखविले आहे. परंतु सच्छिद्र खडकाचा थरच काढून नेल्यास पाणी मुरण्याची जागाच नाहीशी होते. याचे परिणाम खालच्या विहिरींवर सावकाश होतात, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विहीर आटली की बागायतदार नवी कूपनलिका घेतो, डोंगराकडे पाहत नाही. माथ्यावर गेलेल्यास मात्र फुटलेला डोंगर व आटलेला ओहोळ एकाच चौकटीत दिसतात. या भ्रमंतीचे खरे महत्त्व येथे आहे.

अध्यापनातील उपयोग

कुर्डुवाडीहून दौंड-मनमाडमार्गे नाशिक रेल्वेने गाठता येते. तीन दिवसांच्या सहलीत पहिल्या दिवशी त्रिरश्मी, दुसऱ्या दिवशी रामशेज व एखादी द्राक्षबाग, तिसऱ्या दिवशी अंजनेरी असा क्रम ठेवता येईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा आहे. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी माथा गाठावा, प्रत्येकाजवळ किमान दोन-तीन लिटर पाणी असावे, आग्या मोहोळ असलेल्या कड्याजवळ धूर, गोंगाट व उग्र सुगंध टाळावा, गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. राखीव क्षेत्रात जाण्यापूर्वी वनविभागाचे नियम पाहून घ्यावेत. विद्यार्थ्यांना भूमापन नकाशा देऊन माथ्यावरून नदी, धरण, बागायत, पडीक जमीन व खाणी यांची स्वतः नोंद करावयास लावल्यास सहलीला अभ्यासाचे स्वरूप येते.

दूरच्या सहलीची सोय नसल्यास हीच पद्धत बार्शीच्या पूर्वेस, धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाटात वापरता येईल. बालाघाटच्या या कडेवरून बार्शीकडचा सखल प्रदेश दिसतो आणि कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गाने तेथे पोहोचणे सुलभ आहे.

समारोप

कुर्डुवाडीकरांच्या दृष्टीने या विषयास आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रातील आधुनिक वाइन उद्योगाचा एक आरंभ 1980 च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे झाला. तेथील नारायणगडावरून द्राक्षमळे आणि खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या एकत्र दिसतात. त्या परिसरातील मीना, कुकडी व घोड या नद्यांचे पाणी शेवटी भीमेत येते आणि 1980 पासून ते माढा तालुक्यातील उजनी धरणात साठते. माढ्याच्या माळावर उभे राहिल्यास उजनीचे पाणी दिसते, ते पाणी देणारा डोंगर दिसत नाही. जे दिसत नाही त्याची जबाबदारीही वाटत नाही.

त्रिरश्मीच्या शिलालेखात खोऱ्याने डोंगराला काय द्यावयाचे, ते कार्षापण आणि व्याजदर यांसह नमूद आहे. आजच्या द्राक्षखोऱ्याकडे असा कोणताही लेख नाही. पाणीपट्टी धरणापाशी सुरू होते आणि धरणापाशीच संपते. पाणलोटातील डोंगर राखणाऱ्या गावांना त्या उत्पन्नातील काही वाटा मिळावा, खाणींना परवानगी देताना खालच्या विहिरींचा विचार व्हावा आणि बोरगडसारखे आणखी डोंगर लोकसहभागाने राखले जावेत, या दिशेने विचार होणे आवश्यक आहे. त्यासाठी विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी प्रथम माथ्यावर जाऊन खाली पाहिले पाहिजे.